लॉनवरचे कॅपिबारा : नॉर्डेल्टा वसाहतीचं प्रकरण

अर्जेंटिनातल्या नॉर्डेल्टा या कुंपणबंद वसाहतीच्या लॉनवर कॅपिबारा हे मोठे, गवत खाणारे रानटी प्राणी दिसू लागले आणि त्यांचं काय करायचं यावरून वाद पेटला, त्याची ही गोष्ट. या प्रकरणातली जागा आणि घटना सार्वजनिक आहेत, २०२१ साली जगभरच्या वर्तमानपत्रांत त्या येऊन गेल्या. माणसांची नावं मात्र मुद्दाम दिलेली नाहीत. रहिवासी, रहिवासी संघ, प्राण्यांच्या बाजूने उभे राहिलेले शेजारी आणि प्रांत सरकारचं वन्यजीव खातं, एवढ्या ओळखी इथे पुरेशा आहेत.

जागा

ब्युनोस आयर्स शहराच्या उत्तरेला साधारण ३० किलोमीटरवर तिग्रे नावाचा भाग आहे. पाराना नदी रिओ दे ला प्लाताच्या रुंद मुखात शिरण्याआधी इथे असंख्य फाट्यांमध्ये फुटते. बेटं, लव्हाळी, दलदल, चढणारं आणि ओसरणारं पाणी असा हा त्रिभुज प्रदेश. त्याच्या कडेला, लुहान नदीच्या पूरपट्ट्यात, सुमारे १,६०० हेक्टरवर नॉर्डेल्टा ही कुंपणबंद वसाहत आहे. १९९२ साली प्रांत सरकारने तिला मंजुरी दिली, ते दशक संपतासंपता पहिले रहिवासी आले आणि पुढच्या वीस वर्षांत वस्ती ४० हजारांपर्यंत गेली. शाळा, दवाखाना, दुकानं, गोल्फचं मैदान, बोटींचे धक्के, सगळं फाटकाच्या आत.

पाणथळ जागेवर घरं बांधायची तर जमीन पुराच्या पातळीच्या वर आणावी लागते. इथली पद्धत सोपी आहे. एका ठिकाणी खोल खणायचं आणि निघालेली माती शेजारी भराव म्हणून टाकायची. खड्ड्याचं तळं होतं, भरावावर प्लॉट पडतात. मधोमध एक मोठं तळं, भोवती लहान तळी, आणि घरामागचं लॉन थेट पाण्यापर्यंत उतरत गेलेलं. घर घेणाऱ्याला हवा असतो तो हाच देखावा. पुढे जे काही झालं, त्याचं मूळ मला या उतरत्या लॉनमध्ये दिसतं, म्हणून वाचकाने ते डोळ्यांसमोर ठेवावं.

प्राणी

कॅपिबारा हा आज जिवंत असलेला जगातला सर्वांत मोठा कृंतक, म्हणजे उंदीर, घूस, खार, साळिंदर यांच्या गणातला प्राणी. जवळचं नातं मात्र गिनीपिगशी. पूर्ण वाढलेल्या प्राण्याचं वजन साधारण ३५ ते ६५ किलो, खांद्यापाशी उंची ५० ते ६० सेंटिमीटर, लांबी मीटरभराहून जास्त. शेपूट जवळजवळ नाहीच. अंगावर भरड तपकिरी केस, तोंड पुढून चपटं, पायांच्या बोटांमध्ये थोडासा पडदा. डोळे, कान आणि नाकपुड्या डोक्याच्या अगदी वरच्या बाजूला, त्यामुळे सगळं अंग पाण्यात बुडवूनही त्याला दिसतं, ऐकू येतं, श्वास घेता येतो. वेळ पडली तर पाच मिनिटांपर्यंत तो पाण्याखाली राहू शकतो.

चिली सोडला तर दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या जवळपास प्रत्येक देशात तो आहे. पनामापासून कोलंबिया-व्हेनेझुएलाच्या वायव्य भागापर्यंत त्याचा एक लहान भाऊबंदही आहे, ती वेगळी जात. नावं जागोजागी बदलतात. ब्राझीलमध्ये कापिवारा, व्हेनेझुएलात चिग्विरे, पेरूत रोनसोको, अर्जेंटिनात कार्पिंचो. आपण वापरतो ते नाव तुपी भाषेतून आलं आहे आणि त्याचा अर्थ ‘गवत खाणारा’. हे वर्णन अगदी नेमकं आहे. एक प्रौढ कॅपिबारा दिवसाला तीन किलोच्या आसपास ताजं गवत खातो. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि चरण्यातच झिजतात. गवताचा कस पुरता काढण्यासाठी तो सकाळी आपलीच विष्ठा खातो, ससा खातो तशी.

राहायला त्याला तीन गोष्टी लागतात. चरायला आखूड गवत, शत्रू आला की उडी मारायला पाणी, आणि दुपारी पडून राहायला, पिल्लं लपवायला काठावरची झाडी. या तिन्ही गोष्टी जिथे काही पावलांवर असतात, तिथे त्याचा कळप ठरतो. कळपात साधारण १० ते २० जण. एक म्होरक्या नर, त्याच्या नाकाडावर काळा, चकचकीत, केसहीन फुगवटा, ती गंधग्रंथी. सोबत माद्या, पिल्लं आणि कडेकडेने राहणारे दुय्यम नर. कोरड्या ऋतूत पाणी आटलं की उरलेल्या डबक्याभोवती अनेक कळप एकत्र येतात, तेव्हा शंभराचा जमाव दिसतो.

मादी गाभण राहिल्यावर साधारण पाच महिन्यांनी विते, एका वेळी बहुतेक चार पिल्लं. ती जन्मतःच डोळे उघडी असतात आणि आठवड्याभरात गवत कुरतडू लागतात. दीड वर्षाच्या सुमारास ती स्वतः प्रजननक्षम होतात. रानात आयुष्य आठ-दहा वर्षांचं. हा वेग निसर्गाने एका हिशेबाने ठेवलेला आहे, कारण कॅपिबारा सगळ्यांचं खाद्य आहे. जग्वार, प्यूमा, केमन सुसर, अॅनाकोंडा हे मोठे शत्रू. पिल्लांवर तर ऑसेलॉट, कोल्हे, गिधाडं, कॅराकारासारखे शिकारी पक्षीही टपलेले असतात. चारातली एक-दोन जगली तरी खूप.

म्हणजे नॉर्डेल्टाच्या लॉनवर हा प्राणी ‘आला’ असं म्हणताना जरा थांबायला हवं. या पूरपट्ट्यात तो वसाहतीच्या आधीपासून होता.

अडचण कशी वाढत गेली

पहिली काही वर्षं वसाहत अर्धी रिकामी होती. न विकलेले प्लॉट, कडेची झुडपं, अजून न भरलेली दलदल. कार्पिंचो तिथे राहत, अधूनमधून दिसत आणि रहिवाशांना त्याचं कौतुकच होतं. पाण्याकाठी घर घेतलं आणि सकाळी खिडकीतून रानटी प्राणी दिसला, तर कोणाला आवडणार नाही?

मग प्लॉट भरत गेले. प्राण्यांच्या बाजूने बोलणाऱ्या रहिवाशांचं म्हणणं असं की, शेवटच्या मोकळ्या जागांवर बांधकाम सुरू झालं तसे झाडीतले कळप उघड्यावर आले, म्हणून ते एकाएकी ‘वाढल्यासारखे’ दिसू लागले. दुसऱ्या बाजूचं म्हणणं की ते खरोखरच वाढले. मला दोन्ही एकाच वेळी खरं वाटतं. एकीकडे लपायची जागा कमी झाली. दुसरीकडे उरलेल्या जागेत खाणं अमाप झालं. रानात कोरडा ऋतू गवत सुकवतो, पाणी आटवतो आणि कळपातले दुबळे जीव त्यात गळतात. वसाहतीच्या लॉनला बारमाही पाणी मिळतं. ते दर आठवड्याला कापलं जातं, म्हणजे कायम कोवळं आणि आखूड राहतं. तळ्याचं पाणी आटत नाही. जग्वार या भागातून फार पूर्वीच नाहीसा झालेला. थोडक्यात, कॅपिबाराच्या तीन गरजांपैकी दोन माणसाने भरभरून पुरवल्या, तिसरी काढून घेतली आणि शत्रू आधीच संपवला होता.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे गणित नवं नाही. जुन्नर, आंबेगाव, संगमनेरच्या पट्ट्यात उसाने बिबट्याला असंच घर दिलं. बारमाही पाण्यावर उभं राहिलेलं दाट पीक, आडोसा, आणि वस्तीतली कुत्री नि शेळ्या. उसातच जन्मलेल्या बछड्याला तेच रान. लॉन आणि ऊस या गोष्टी वरवर कितीही वेगळ्या दिसोत, प्राण्याच्या नजरेने दोन्हींचा अर्थ एकच निघतो.

२०२० साली कोविडच्या टाळेबंदीत माणसं घरात बसली आणि कळप निर्धास्त फिरू लागले. त्याच वर्षी पाराना त्रिभुज प्रदेशात मोठे वणवे लागले, धूर शहरांपर्यंत आला. २०२१ मध्ये पारानाची पातळी सात दशकांहून जास्त काळातली सर्वांत खाली गेली. देशभर पाणथळ जागांबद्दल लोक बोलत होते. पाणथळ संरक्षणाचा कायदा त्याआधी सिनेटमध्ये दोनदा मंजूर होऊन पुढे अडकला होता आणि आता पुन्हा मागणी जोर धरत होती.

या वातावरणात, ऑगस्ट २०२१ मध्ये, नॉर्डेल्टाच्या तक्रारी बातम्यांत आल्या. बागा उखडल्या जातायत, लॉनभर लेंड्या, पाळीव कुत्र्यांना चावे, रात्री रस्त्यात आडव्या आलेल्या कळपामुळे अपघात. वसाहतीत तेव्हा सुमारे ४०० कॅपिबारा असल्याचा अंदाज सांगितला जात होता.

या तक्रारी खोट्या नव्हत्या, हे स्पष्ट लिहायला हवं. पन्नास किलोचा प्राणी, त्याचे पुढचे दात बोटभर लांब. पिल्लं जवळ असताना कुत्रा अंगावर गेला तर मादी पळून जात नाही. आणि अंधाऱ्या रस्त्यावर एवढ्या वजनाच्या जनावराला मोटारसायकल धडकली तर चालवणाऱ्याचं काय होईल, हे वेगळं सांगायला नको. ज्यांच्या घरात लहान मुलं होती त्यांची भीती समजण्यासारखी होती.

पहिलं वळण : शब्द

या प्रकरणात निर्णयाच्या जागा तीन-चार आहेत. त्यातली एक कागदावर कधी आलीच नाही. प्रश्नाला ‘आक्रमण’ म्हणायचं की आणखी काही, हे ठरलं ते काही दिवसांत आणि कोणीही विचारपूर्वक न ठरवता.

‘कार्पिंचोंचं आक्रमण’ हे शब्द छापून आले आणि पुढच्याच आठवड्यात देशभर उलट लाट उठली. श्रीमंतांच्या कुंपणात शिरून आपली जमीन परत घेणारा प्राणी म्हणून कार्पिंचोची चित्रं फिरू लागली. तो समतेच्या लढ्याचं चिन्ह झाला. पर्यावरण चळवळीतल्या लोकांनी या निमित्ताने जुना आणि रास्त मुद्दा पुढे आणला. भराव टाकून उंच केलेल्या वसाहतींमुळे पुराचं पाणी मुरायची जागा जाते आणि ते पाणी शेजारच्या सखल, गरीब वस्त्यांत शिरतं.

मुद्दा महत्त्वाचा होता, तरी एक नुकसान झालं. रहिवासी संघ बचावाच्या पवित्र्यात गेला. वसाहतीच्या आतच दोन तट पडले, प्राणी हलवा म्हणणारे आणि प्राण्यांना राहू द्या म्हणणारे. ज्यांना फक्त रात्रीच्या वेगमर्यादेबद्दल किंवा कुंपणाच्या जाळीबद्दल बोलायचं होतं, त्यांचं बोलणं या गदारोळात हरवलं. संघर्षाच्या कुठल्याही प्रकरणात पहिल्या पंधरा दिवसांत वापरलेले शब्द पुढची अनेक वर्षं भोवतात. इथे तेच घडलं.

समोर असलेले पर्याय

अर्जेंटिनात नैसर्गिक संपत्तीवर पहिला हक्क प्रांताचा असतो. वन्यप्राण्याला पकडणं, हलवणं, त्यावर उपचार करणं या कशाचाही अधिकार रहिवासी संघाला नाही, प्रांताच्या वन्यजीव खात्याची परवानगी लागते. त्यामुळे प्रत्येक पर्याय दोन प्रश्नांतून जायचा. उपयोग होईल का, आणि परवानगी मिळेल का.

मारणं हा पर्याय चर्चेतून लगेच बाद झाला. कॅपिबाराची शिकार जगात कुठेच होत नाही असं मात्र नाही. व्हेनेझुएलाच्या यानोस गवताळ प्रदेशात मोठ्या कुरणांवर ठरावीक प्रमाणात त्यांची परवानाधारक शिकार चालत आली. तिथे ख्रिस्ती उपवासाच्या काळात त्याचं मांस चालतं, कारण पाण्यात राहणारा म्हणून चर्चने त्याला माशांच्या पंगतीत बसवलं. अर्जेंटिनात त्याचं कातडं हातमोज्यांसाठी नावाजलेलं. पण हजारो हेक्टरचं कुरण वेगळं आणि मुलं खेळतात तो बगीचा वेगळा. वसाहतीच्या आत बंदूक चालवणं कायद्यात बसत नव्हतं आणि लोकांनाही ते मान्य झालं नसतं.

बहुतेकांच्या तोंडी असलेला पर्याय होता स्थलांतराचा. पकडा आणि दूर बेटावर नेऊन सोडा. ऐकायला दयाळू वाटतो, म्हणून तो धोकादायक. कॅपिबाराचा कळप एका जागेशी बांधलेला असतो. नव्या जागी बहुधा दुसरा कळप आधीच असतो आणि तो बाहेरच्यांना हाकलतो. पकडताना कळप फुटतो, पिल्लं मागे राहतात, ताणाने जनावरं मरतात. अंगावरच्या गोचिडी आणि रोगही सोबत प्रवास करतात. आणि इतकं करून मोकळी झालेली जागा मोकळी राहत नाही. लॉन तिथेच आहे, तळं तिथेच आहे, कडेच्या नदीतून पुढचा कळप येतो.

इथे जुन्नरचा अनुभव पुन्हा आठवतो. २००१ ते २००३ या काळात तिथे मोठ्या संख्येने बिबटे पकडून जंगलात सोडले गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर केलेल्या अभ्यासात दिसलं की, माणसांवरचे हल्ले आधी वर्षाला सरासरी ४ होते, ते या काळात १७ वर गेले. कॅपिबारा माणसावर शिकार म्हणून झडप घालत नाही, त्यामुळे परिणामाचं रूप वेगळं असेल. पण प्राणी उचलला म्हणजे प्रश्न उचलला, हा समज दोन्हीकडे तितकाच चुकीचा.

तिसरा पर्याय कुंपणाचा. जाळी लावलेल्या बागा वाचतात, पण पाण्याकडची बाजू बंद करायला रहिवासी तयार नव्हते. घराची किंमतच त्या बाजूमुळे. शिवाय एकाची बाग बंद झाली की कळप शेजाऱ्याकडे जातो.

चौथा पर्याय प्राण्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या शेजाऱ्यांनी मांडला. वसाहतीतच काही काठ आणि हिरवे पट्टे त्यांच्यासाठी राखा, ते एकमेकांना जोडा, तिथे गवत कापू नका, झुडपं वाढू द्या. मला हा सगळ्यांत विचारपूर्वक मांडलेला पर्याय वाटतो, कारण तो प्राण्याच्या तिसऱ्या गरजेकडे पाहतो. अडचण जमिनीच्या किमतीची होती. तळ्याकाठचा प्रत्येक मीटर कोणाच्या तरी मालकीचा किंवा विक्रीच्या यादीत होता.

पाचवा पर्याय संख्या रोखण्याचा, म्हणजे नसबंदी किंवा गर्भनिरोधक. याचा अनुभव ब्राझीलमध्ये होता. तिथे कारण जास्त गंभीर. साओ पाउलो राज्यात, विशेषतः कांपिनासच्या परिसरात, गोचिडीमुळे होणारा ठिपक्यांचा ताप माणसांचे जीव घेतो आणि कॅपिबारा त्या गोचिडीला पोसतो, रोगजंतूंची साखळी चालू ठेवतो. म्हणून काही उद्यानांत कळपांची शस्त्रक्रिया करून नसबंदी केली गेली आणि कळप जागेवरच ठेवला. विचार असा की नर आणि माद्या यांची संप्रेरकं शाबूत असली तर कळप आपली हद्द राखतो, बाहेरचे आत येत नाहीत, आणि नवी पिल्लं नसल्याने संख्या हळूहळू उतरते. नॉर्डेल्टात तापाचा मुद्दा मुख्य नव्हता, पण कळप जागेवर ठेवून जन्म रोखायचे, ही कल्पना तिथून घेता येण्यासारखी होती.

काय केलं गेलं

सुरुवातीला तात्पुरती कामं झाली. प्राणी रस्ता ओलांडतात असे फलक, वाहनांचा वेग कमी ठेवण्याच्या सूचना, कुत्र्यांना पट्ट्याविना सोडू नका, कळपाजवळ जाऊ नका, खायला घालू नका. अशा सूचनांना लोक हलक्यात घेतात. माझ्या मते मात्र या प्रकरणातली सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत खात्रीची कामं तीच होती. अपघात आणि कुत्र्यांचे चावे हे दोन्ही माणसाच्या वागण्यावर अवलंबून आहेत. गाडी सावकाश असेल तर कॅपिबारा दिसतो, कारण तो लहान प्राणी नाही. कुत्रा दोरीला असेल तर मादीला पिल्लांसाठी लढावं लागत नाही.

मोठा निर्णय यायला वर्षं गेली. संघाने गर्भनियंत्रणाच्या मार्गाने जायचं ठरवलं आणि प्रांताकडे प्रस्ताव गेले. मध्यंतरी प्रजनन चालूच होतं. २०२५ पर्यंत संख्या हजाराच्या आसपास गेल्याचं सांगितलं जाऊ लागलं, आणि प्रांताने मर्यादित गर्भनिरोधक योजनेला संमती दिली. सुमारे २५० प्रौढ प्राण्यांना गर्भनिरोधकाचे दोन डोस द्यायचे, असं ठरलं.

दोन डोस, या दोन शब्दांत मैदानावरची सगळी कष्टाची बाजू आहे. पहिला डोस दिलेला प्राणी ओळखू येईल अशी खूण करावी लागते. ठरावीक दिवसांनी नेमका तोच प्राणी पुन्हा शोधावा लागतो, आणि तो एव्हाना माणसाला पाहताच पाण्यात उडी मारायला शिकलेला असतो. पाण्यातल्या प्राण्याला गुंगीचं इंजेक्शन मारता येत नाही, तो बुडेल. म्हणजे कळप काठापासून दूर चरत असतानाची वेळ गाठायची. प्रत्येक कळपाची रोजची वाट माहीत असलेला माणूस सोबत नसेल तर हे काम पुढे सरकत नाही. आणि अशी माणसं वसाहतीत होती, बहुतेक त्या दुसऱ्या गटात, जो या योजनेला विरोध करत होता.

परिणाम

प्रकरण मिटलेलं नाही. प्राण्यांच्या बाजूच्या शेजाऱ्यांचा विरोध कायम राहिला. त्यांचा आक्षेप असा की राखीव पट्टे न देता फक्त जन्म रोखणं म्हणजे संथपणे हकालपट्टी.

गर्भनिरोधकाकडून काय अपेक्षा धरावी, हेही रहिवाशांना नीट समजावून सांगायला हवं. ज्याला डोस मिळाला तो प्राणी उद्याही लॉनवरच असणार, परवाही, आणि कदाचित आणखी काही वर्षं. त्याचं चरणं, लेंड्या टाकणं, रस्ता ओलांडणं यात काही फरक पडत नाही. हजारातल्या २५० प्रौढांना डोस दिला तर उरलेल्या माद्या पिल्लं घालतच राहतील, आणि शत्रू नसल्याने त्यातली बरीच जगतील. म्हणून यश मोजायचं ते पुढच्या हंगामात किती नवी पिल्लं दिसली यावर. रहिवासी मात्र सहसा बागेत किती प्राणी दिसले यावर मोजतो. ही दोन मापं वेगळी आहेत हे आधी सांगितलं नाही, तर उपाय चालत असतानाही तो फसला असंच वाटेल, आणि मग पुन्हा कोणीतरी ट्रक बोलवायला सांगेल.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत आधी मोजणी. २०२१ चे ४०० आणि नंतरचे हजार या दोन्ही आकड्यांवर वाद झाले, कारण वसाहत भरत असताना दरवर्षी, एकाच ऋतूत, एकाच पद्धतीने मोजणी करून ती जाहीर करण्याची सवय पहिल्यापासून लागली नव्हती. पहिले रहिवासी आले तेव्हापासून वर्षातून दोनदा, पहाटे, ठरलेल्या काठांवरून कळप आणि पिल्लं मोजली असती, तर ‘वाढले’ की ‘उघडे पडले’ हा वाद आकड्यांनी सुटला असता. दुर्बीण, वही आणि दहा-बारा उत्साही रहिवासी, एवढाच खर्च.

दुसरं, गर्भनियंत्रण करायचंच होतं तर ते संख्या लहान असताना. ४०० प्राण्यांत २५० प्रौढांपर्यंत पोचणं म्हणजे निम्म्याहून बऱ्याच जास्त प्राण्यांपर्यंत पोचणं. हजारांत तेवढेच २५० म्हणजे चौथा हिस्सा. योजना तीच, मेहनत तीच, खर्च तोच, पण चार वर्षांच्या तंट्यात तिचा परिणाम कितीतरी पटींनी घटला. दोन्ही गट २०२१ मध्ये एका टेबलाशी बसले असते आणि राखीव पट्ट्यांच्या बदल्यात गर्भनियंत्रण असा सौदा झाला असता, तर मला वाटतं तो टिकला असता. प्रत्येक गटाकडे दुसऱ्याला हवी असलेली एक गोष्ट होती. संघाकडे जमीन, आणि शेजाऱ्यांकडे कळपांची रोजची ओळख.

तिसरं, आणि मला सर्वांत जवळचं, ते काठाचं. १९९० च्या दशकात आराखडा काढताना प्रत्येक तळ्याभोवती वीसेक मीटरचा पट्टा लव्हाळी आणि झुडपांसाठी सोडला असता, तर? कॅपिबाराला आडोसा मिळाला असता, माणसाच्या लॉनला अंतर. उंच, भरड गवतापेक्षा आखूड लॉन त्याला प्रिय असतं हे खरं, पण उघड्यावर चरायला तो आडोशापासून आणि पाण्यापासून फार दूर जात नाही. काठावरच आडोसा असता तर दिवसाचा बराच वेळ तो तिथेच राहिला असता. पाण्यातली पुराची उसळीही त्या पट्ट्याने थोडी झेलली असती.

याच देशात, त्याच २०२१ साली, याच प्राण्याची दुसरी गोष्ट घडत होती, ती इथे सांगितलीच पाहिजे. उत्तरेला कोरियेंतेस प्रांतात इबेरा ही प्रचंड पाणथळ जागा आहे. तिथे कार्पिंचो हजारोंनी आहेत आणि कोणी त्यांना आक्रमक म्हणत नाही. साधारण सत्तर वर्षांपूर्वी तिथला जग्वार संपला होता. जानेवारी २०२१ मध्ये एक मादी आणि तिचे दोन बछडे मोकळे सोडण्यात आले, पुढे आणखी जग्वार सोडले गेले, तिथल्या रानात बछडे जन्मले. त्या जग्वारांचं मुख्य खाद्य कार्पिंचो. नॉर्डेल्टात ज्याला संख्येचा प्रश्न म्हटलं गेलं, तीच संख्या इबेरामध्ये जग्वार परत येण्याचा आधार ठरली.

नॉर्डेल्टात जग्वार सोडता येणार नाही, हे उघड आहे. पण काठ सोडता येतो. त्याच पूरपट्ट्यात, शेजारच्या एस्कोबार भागातही, तळ्यांभोवती वसाहती उभ्या राहतायत. तिथले सगळे प्लॉट अजून विकले गेलेले नाहीत, आणि कॅपिबारा झाडीत आहेत.